कोकमाच्या तेलाचा लिप बाम: घटकांच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

काकीच्या बचत गटाने अखेर ठरवलं: यंदा कोकमाच्या तेलाचे नुसते गड्डे विकायचे नाहीत, त्याचा ओठांना लावायचा बाम करायचा. कोकमाच्या बियांचं तेल (आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल) मे महिन्यापासून डब्यांत भरून पडलंय. आमसुलं विकली जातात, आगळ विकलं जातं, पण मुठेलाचं गिऱ्हाईक म्हणजे टाचांना भेगा पडलेली माणसं, तीही पन्नाशीच्या पुढची. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात एखादी मुलगी स्टॉलवर येते, पांढरट गड्डा हातात घेऊन उलटसुलट बघते, 'साबण आहे का?' विचारते आणि ठेवून देते.

माझ्याकडे काम आलं ते बी. फार्म.मुळे. पाककृती ठरवण्याआधी बाजारात जे विकलं जातंय त्यात काय काय आहे ते वाचून काढायचं, कोणता घटक कशासाठी घातलाय ते समजून घ्यायचं, मगच आपलं ठरवायचं. या नोंदी गटाच्या वहीसाठी आहेत. बायकांना वाचून दाखवता याव्यात म्हणून साध्या भाषेत लिहितेय.

२० नोव्हेंबर

कुडाळच्या दोन मेडिकलमधून, एका जनरल स्टोअरमधून आणि काही ऑनलाइन, असे नमुने जमवले. कंपन्यांची नावं वहीत लिहिणार नाही, प्रकारानुसार अक्षरं दिली आहेत.

क: साधी पेट्रोलियम जेली, छोटी डबी.
ख: फळाच्या वासाची रंगीत कांडी, सगळ्या कॉलेजच्या मुलींकडे असते ती.
ग: मेंथॉल-कापूरवाली 'औषधी' कांडी.
घ: तुपाचं नाव लावलेली आयुर्वेदिक डबी.
च: 'शंभर टक्के नैसर्गिक' पत्र्याची डबी, सर्वांत महाग.
छ: रात्री लावून झोपायचा 'लिप मास्क', क्रीमसारखा.
ज: एसपीएफ लिहिलेली कांडी.

पहिलीच अडचण अशी की यांतल्या काहींवर घटकांची यादीच नाही. यात बेकायदा काही नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटक लिहायला लागतात, पण घट्ट किंवा अर्धघट्ट पदार्थाचं पॅक ३० ग्रॅमपेक्षा लहान असेल तर सूट आहे. लिप बामची कांडी साधारण चार-पाच ग्रॅमची, डबी आठ-दहा ग्रॅमची. म्हणजे जी वस्तू थेट तोंडाशी लावतो, जिचा थोडा भाग दर वेळी पोटात जातो, तीच नेमकी या सवलतीत बसते. छोट्या जागेत अक्षरं मावत नाहीत हे कारण मला समजतं. पण बाहेरच्या खोक्यावर चारी बाजूंना फुलं काढायला जागा असते.

बऱ्याच कंपन्या तरीही यादी छापतात, त्यांचं कौतुक. ज्यांच्यावर नव्हती त्यांची वेबसाइटवरून उतरवून घेतली.

२३ नोव्हेंबर

यादी कशी वाचायची, हे आज गटाला समजावलं. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात: सगळ्यांत जास्त असेल तो पहिला. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, पण आपसांत कोणत्याही क्रमाने लिहिलेले चालतात. म्हणजे यादीच्या मध्ये कुठेतरी एक न दिसणारी रेघ असते. ती ओळखायला आली की निम्मं काम झालं.

रेघ ओळखायच्या खुणा: परफ्युम किंवा अरोमा हा शब्द, टोकोफेरॉल नाहीतर बीएचटी (तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते), आणि पाणी असलेल्या पदार्थात फिनॉक्सिइथेनॉल (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते). फिनॉक्सिइथेनॉलची कमाल मर्यादाच एक टक्का आहे, त्यामुळे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते सगळं रेघेखालचं. बाकीच्या खुणा तेवढ्या पक्क्या नाहीत, पण साधारण अंदाज येतो.

ख ची यादी भिंगाखाली धरली. पेट्रोलेटम (म्हणजेच पेट्रोलियम जेली), मिनरल ऑइल, ओझोकेराइट, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, मग परफ्युम, मग शिया बटर, बदामाचं तेल, टोकोफेरिल ॲसिटेट, सॅकरिन, शेवटी सीआय १५८५० हा रंग. पुढच्या बाजूला मात्र अर्धा बदाम आणि शियाचं फळ, दोन्ही मोठ्ठी. बदाम परफ्युमनंतर आहे. म्हणजे चार ग्रॅमच्या कांडीत बदामाचं तेल असेल ते फार तर एखादा थेंब.

काकीने विचारलं, 'मग ह्येच्यात बदाम हा म्हणान सांगतत कशाक?' आहे म्हणून सांगतात. खोटं नाही. पण ओठांना जो गुण येतो तो पहिल्या चार घटकांमुळे, आणि त्यांचं चित्र कोणी काढत नाही.

२६ नोव्हेंबर

आज कागदावर फक्त कामं मांडली. कोणता घटक कोणतं काम करतो.

आधी ओठच का फुटतात ते. ओठांच्या लाल भागावरचा मृत पेशींचा थर बाकी चेहऱ्यापेक्षा कितीतरी पातळ असतो. तिथे केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, कातडीला तुकतुकी देणाऱ्या तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. त्यामुळे आतलं पाणी भराभर उडून जातं आणि अडवायला घरचं तेल नाही. त्यात आपण जीभ फिरवतो. थुंकी वाळताना ओठ आणखी कोरडे होतात, थुंकीतली पाचक द्रव्यं वरचा थर दुखवतात, मग पुन्हा जीभ फिरते. मुलांमध्ये तर ओठांभोवती लालसर कडं उठतं ते याच सवयीने.

म्हणून बामला तीन कामं असतात. पाणी अडवणं: पेट्रोलेटम, मिनरल ऑइल, मेणं, डायमेथिकोन. कातडी मऊ करणं, खपल्यांमधल्या फटी भरणं: एरंडेल, खोबरेल, शिया, कोको, आपलं मुठेल. आणि पाणी धरून ठेवणं: ग्लिसरीन, मध, हायलुरोनिक ॲसिड. तिसऱ्या गटातले पदार्थ कोरड्या हवेत एकटेच लावले तर खालच्या थरातलं पाणी वर ओढतात आणि ते उडून जातं, त्यामुळे त्यांच्यावर पहिल्या गटातलं झाकण लागतंच.

चौथंही एक काम असतं, आणि त्यावरच सगळा बाजार चालतो: छान वाटणं. वास, चव, गारवा, रंग. याचा ओठ बरे होण्याशी संबंध नाही. त्रास होतो तो बहुतेक वेळा याच गटातून.

२७ नोव्हेंबर

बेंबीत तेल घातल्याने ओठ फुटायचे थांबतात का, असं गटात विचारलं गेलं. बेंबीतून ओठांपर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. तेच बोट ओठांवरून फिरवलं तर मात्र उपयोग होतो.

३० नोव्हेंबर

क वर आज बराच वेळ गेला, कारण गटाचा तिच्यावर राग आहे. 'पेट्रोलची जेली' म्हणून.

पेट्रोलेटमची गोष्ट अशी. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली, आणि पंपाच्या दांड्यांवर एक चिकट मेण साचून पंप अडायला लागले. कामगार तेच मेण भाजलं-कापलं तर जखमेवर लावायचे. रॉबर्ट चेझब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये व्हॅसलीनच्या नावाने पेटंट घेतलं. आजही कातडीतून उडणारं पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचा दुसरा पदार्थ शोधणं कठीण. त्याला वास नाही, चव नाही, तो खवट होत नाही, त्याची ॲलर्जी फारच क्वचित होते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी फुटलेल्या ओठांसाठी जे सुचवते त्यात पांढरी पेट्रोलियम जेली आहे, एरंडेल आहे, शिया बटर, मिनरल ऑइल, डायमेथिकोन, सेरामाइड्स आहेत.

शंका शुद्धीकरणाबद्दलची असते आणि ती रास्त आहे. कच्च्या मालात कर्करोगाला कारण होणारी संयुगं असतात, ती शुद्ध करताना काढून टाकावी लागतात. युरोपात तर शुद्धीकरणाचा पूर्ण इतिहास माहीत असेल तरच सौंदर्यप्रसाधनांत पेट्रोलेटम वापरता येतं. औषधी दर्जाचं घेतलं तर भ्यायचं कारण नाही.

आपण पेट्रोलेटम वापरणार नाही, कारण आपल्याला मुठेल विकायचंय. पण लेबलवर किंवा स्टॉलवर 'पेट्रोलियम जेली घातक' असं कोणी म्हणायचं नाही, हे मी वहीत ठळक लिहून ठेवतेय. ज्या वस्तूने गरिबातल्या गरीब घरात थंडीत पोरांचे ओठ सांभाळले, तिला नावं ठेवून आपली डबी विकायची नाही.

३ डिसेंबर

ग, औषधी कांडी. लावली की गार वाटतं, ओठ बरे व्हायला लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ओठ थंड होत नाहीत. आपल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, मेंथॉल त्यालाच जाऊन चिकटतं आणि मेंदूला 'गार' असा निरोप जातो. तापमान ओळखणाऱ्या अशा ग्राहकांवरच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं (आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत). संशोधन मोठं सुंदर आहे, पण फुटलेल्या ओठाला या निरोपाचा काही उपयोग नाही. उलट मेंथॉल, कापूर, निलगिरी, पुदिना, दालचिनी, लिंबूवर्गीय वास, फिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड हे सगळे घटक त्याच अमेरिकन संस्थेच्या 'टाळा' यादीत आहेत. ओठ चुरचुरले म्हणजे औषध लागू पडतंय असा समज आहे. चुरचुरणं म्हणजे दाह.

गटातल्या एकीची मुलगी बारावीला आहे, तिचे ओठ बारा महिने सोललेले. खिशात ग सारखीच कांडी, दर तासाला लावते. तिला ती बंद करून नुसतं मुठेल लावायला दिलंय. टूथपेस्टही बदलायला सांगितली, तिच्यात दालचिनीचा स्वाद होता.

लॅनोलिनही 'टाळा' यादीत बघून काकी चक्रावली. मेंढीच्या लोकरीतलं तेल ते, नैसर्गिकच. पण ॲलर्जी नैसर्गिक-कृत्रिम बघून होत नाही. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साठी लॅनोलिनलाच वर्षाचा ॲलर्जन म्हणून जाहीर केलं होतं. बहुतेकांना ते चालतं, काहींना अजिबात नाही.

६ डिसेंबर

ख मधल्या सॅकरिनवर एक वेगळी नोंद. गोड चव असली की जीभ आपोआप ओठांवर जाते. बाम पोटात, थुंकी ओठांवर, ओठ पुन्हा कोरडे, कांडी पुन्हा बाहेर. कोणी मुद्दाम असं योजलंय असं मी म्हणत नाही, पण घडतं असंच. लहान मुलांसाठीच्या कांड्या तर सगळ्या गोड. आपल्या बामला चव नको, यावर गटात एकमत व्हायला वेळ लागला. 'मग खपतलो कसो?' हा प्रश्न खरा आहे. मला वाटतं, वासाने एकदा विकला जाईल, पण दुसऱ्या डबीसाठी गिऱ्हाईक परत येतं ते ओठ बरे झाले तरच.

९ डिसेंबर

घ, तुपाची डबी. हिचा परवाना आयुर्वेदिक औषधाचा, त्यामुळे लेबलची रीतच निराळी. 'प्रत्येक १० ग्रॅममध्ये' म्हणून वनस्पतींची संस्कृत नावं आणि मिलिग्रॅम दिलेत, आणि तळाला 'बेस क्यू. एस.' म्हणजे पुरेसा. सगळ्या वनस्पती आणि तूप मिळून बेरीज केली तर डबीचा जेमतेम पाचवा हिस्सा होतो. उरलेले चार हिस्से कशाचे? क्यू. एस. पोत आणि चमक बघता मेण आणि मिनरल ऑइल असावं, पण लेबलवरून ते कळायला मार्ग नाही. मला यात तुपाचा नव्हे, त्या दोन अक्षरांचा राग येतो.

तूप मात्र चांगलं. घरात कढवलेलं साजूक तूप रात्री ओठांना लावलं तर मऊपणा येतो, शतधौत घृत (शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप) तर अजून हलकं लागतं. पण डबीत भरून महिनोन्महिने ठेवायचं तर खवटपणा आणि वास सांभाळणं आपल्याला जमणार नाही. तूप बाद.

११ डिसेंबर

छ चा पहिला घटक पाणी. ज मध्ये सनस्क्रीन. दोन्ही आपल्या आवाक्याबाहेरचे: पाणी आलं की बुरशी आणि जंतू येतात, मग संरक्षक द्रव्य आणि त्याच्या चाचण्या आल्या. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय लिहिता येत नाही.

हे इथे लिहून ठेवायचं कारण म्हणजे इंटरनेटवर 'गाजराच्या बियांचं तेल घाला, नैसर्गिक एसपीएफ मिळेल' अशा पाककृती फिरतायत आणि गटातल्या एकीने ती पुढे केली. त्यावर विसंबून कोणी दुपारचं उन्हात जाईल. खालचा ओठ उन्हाकडे तोंड करून असतो, वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथे कर्करोगाच्या आधीचे बदल होऊ शकतात. आपल्याकडे रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायला), होडीवर दिवस काढणारी माणसं आहेत, त्यांना खरोखर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाला एसपीएफ बाम हवा. तो आपण करत नाही, हे विचारणाऱ्याला सरळ सांगायचं.

१५ डिसेंबर

च वर नजर ठेवूनच सगळे बसले होते, कारण आपली खरी स्पर्धा तिच्याशी. यादी छोटी आणि स्वच्छ: एरंडेल, मधमाशीचं मेण, खोबरेल, कोको बटर, कोकम बटर, पेपरमिंट तेल, टोकोफेरॉल. पुढे मोठ्या अक्षरांत 'कोकम'. यादीत कोकम पाचवं. माल चांगला आहे, पेपरमिंट सोडलं तर मला नाव ठेवायला जागा नाही. पण कोकमाचं नाव घेऊन कोकम पाचवं, हे काकीला फार लागलं. बिया फोडणाऱ्या हातांना ते लागणारच.

तिथूनच आपला नियम निघाला: डबीवर ज्याचं नाव, ते यादीत पहिल्या दोनांत.

१६ डिसेंबर

मुठेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रदर्शनात हेच सांगायचंय.

एप्रिल-मेमध्ये पावसाच्या आधी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवतात. सालीची आमसुलं होतात, बी उरते. बिया धुऊन, वाळवून, कवच फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं ते काढून घ्यायचं, गार होता होता घट्ट होतं आणि मुठीत दाबून गड्डे करतात. बीच्या वजनाच्या सुमारे पाव भाग तेल असतं, घरच्या पद्धतीने तेवढं सगळं निघत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे.

या तेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल, त्याच्या खालोखाल ओलेइक. स्टिअरिकमुळे ते खोलीच्या तापमानाला टणक राहतं, नखाने खरवडावं लागतं, आणि वितळतं साधारण ३८ ते ४२ अंशांना. कोको बटर ३४ च्या आसपास, म्हणजे कातडीला टेकताच विरघळतं. मुठेल मात्र बोटावर चोळावं लागतं, मग हळूहळू पसरतं आणि चिकट न लागता बसतं. एकटं लावलं तर ओठांवर ओढ जाणवते, म्हणून सोबत पातळ तेल हवं.

घरचं मुठेल पिवळसर-राखाडी, धुरकट वासाचं. कारखान्यातलं शुद्ध केलेलं पांढरंशुभ्र, बिनवासाचं. घरचा माल कापडातून गरम असताना पुन्हा गाळला, तरी वास थोडा राहिलाच. काकी गड्डा नाकाशी धरून कोणता यंदाचा, कोणता गेल्या सालचा ते सांगते. 'वासावरसून कळता माका.' खवटपणा ओळखायला प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मूल्य काढतात. ते काढून घेऊच, पण काकीच्या नाकाने बाजूला काढलेला डबा मी आत घेणार नाही.

२१ डिसेंबर

पहिलं मिश्रण. पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचं भांडं, सोनाराकडचा असतो तसा छोटा काटा, थर्मामीटर. १०० ग्रॅमला मधमाशीचं मेण २४, मुठेल १६, एरंडेल ३४, खोबरेल २५, टोकोफेरॉल १. पुस्तकी प्रमाण म्हणतात ते हेच. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, म्हणून ते आधी, मग मुठेल, मग तेलं, आणि टोकोफेरॉल आच बंद केल्यावर.

बाम झाला उत्तम. कांडी उभी राहते, ओठावर सरकते. पण यादी लिहायला घेतली तर क्रम येतो एरंडेल, खोबरेल, मेण, मुठेल. आपणच केलेल्या नियमात बसत नाही.

एरंडेलात विष असतं ना, असं एकीने विचारलं. एरंडाच्या बीमधलं रिसिन हे प्रथिन आहे, ते तेलात उतरत नाही आणि उष्णतेने मोडतं. औषधी दर्जाचं तेल निर्धोक. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाची ॲलर्जी एखाद्याला असू शकते, तशा नोंदी लिपस्टिकच्या बाबतीत आहेत, पण क्वचित.

२८ डिसेंबर

नाताळच्या गर्दीत मालवणला आलेले पर्यटक गड्डे घेऊन गेले. काम पुढे सरकलं नाही.

४ जानेवारी

मुठेल वाढवायचं तर मेण कमी करायला हवं, कारण टणकपणा दोघांकडून येतो. मुठेल २८, मेण १४, एरंडेल ३०, खोबरेल २७, टोकोफेरॉल १. आता क्रम: एरंडेल, मुठेल, खोबरेल, मेण.

पण याची कांडी होत नाही. वर ढकलली की मान टाकते. शिवाय भांड्यात सावकाश गार होऊ दिलेल्या भागात रव्यासारखे दाणे आले. मुठेलासारख्या चरबीतले वेगवेगळे घटक वेगवेगळ्या तापमानाला गोठतात. सावकाश गार झालं तर एकेक घटक आपापले मोठे स्फटिक करत बसतो. झटकन गार केलं तर सगळे एकत्र, बारीक गोठतात. म्हणून ओतल्यावर डब्या लगेच फ्रीजमध्ये. तसं केलेल्या भागात बोट फिरवलं तर दाणा लागत नाही.

कांडीचा हट्ट सोडला. पत्र्याची डबी घ्यायची. डबीत मान टाकायचा प्रश्न नाही, आणि पत्रा पुन्हा वापरता येतो.

१० जानेवारी

उन्हाची परीक्षा. ४५ अंशांच्या पाण्यावर ताटलीत डब्या ठेवल्या. क पातळ झाली पण गार झाल्यावर जशीच्या तशी. ख वर तेलाचे बारीक थेंब आले, घाम फुटल्यासारखे. जुनं मेणाचं मिश्रण ठाम. नवं मिश्रण कडेने वितळलं आणि पुन्हा गोठताना दाणे धरले.

एप्रिल-मेमध्ये पार्सलच्या गाडीत एवढं तापमान सहज होतं. म्हणून ठरलं: मेण १६ करायचं, खोबरेल २५, बाकी तेच. खोबरेल २४-२५ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ते कमी केल्याने फायदाच. तरीही कडक उन्हाळ्यात कुरियरने पाठवायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम, आणि देशावर, विदर्भात ओठ फुटतात तेही तेव्हाच.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या निमित्ताने सगळ्या जमल्या, रंग आणि मधाचा निकाल लावला.

मध: पुढे चित्र सुंदर दिसेल, पण मध पाण्यात विरघळणारा, तेला-मेणात नाही. ढवळला तरी तळाला चिकट थेंब होऊन बसतो. बिटाचा रस तसाच. काचेच्या वाटीत वितळलेल्या बाममध्ये दोन थेंब टाकून दाखवले: लाल मण्यांसारखे गडगडत खाली गेले, वरचं तेल पिवळंच. इंटरनेटवरच्या बिटाच्या गुलाबी लिप बामचं पुढे काय होतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वर ते पाणी डबीत बुरशी आणणार ते वेगळं.

रतनजोत तेलात रंग सोडते, खरोखर देखणा लाल. पण बाजारात रतनजोत या नावाने एकाहून अधिक वनस्पतींची मुळं मिळतात, काही भागांत तर मोगली एरंडालाही रतनजोत म्हणतात आणि तो विषारी. शिवाय रंग देणाऱ्या रतनजोतीच्या कुळातल्या मुळांमध्ये यकृताला अपायकारक अल्कलॉइड असतात. ओठांवरची वस्तू पोटात जाते. रंग नाही.

'काळे ओठ गुलाबी होतील' असं लिहायचं का? नाही. दिशाभूल करणारा दावा लेबलवर करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि आपल्या पोरींच्या ओठांच्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

१९ जानेवारी

बारावीच्या त्या मुलीचे ओठ भरले. खालच्या ओठाची मधली चीर गेली. तिने औषधी कांडी बंद केल्यामुळे की मुठेलामुळे, हे सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच झालं. बहुधा पहिल्याचा वाटा मोठा. स्टॉलवर हे 'आमच्या बामने बरं झालं' म्हणून सांगायचं नाही.

दुसऱ्या एकीचे ओठांचे कोपरे चिरलेले होते, ते कशानेच भरेनात. तिला डॉक्टरांकडे पाठवलं. कोपरे चिरणं हे बुरशीने, तसंच लोह किंवा ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतं, बामने भागत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचेही ओठ हमखास सोलतात.

२५ जानेवारी

परवान्याची चौकशी. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी जागा, यंत्रं, तांत्रिक माणूस हे सगळं नियमाप्रमाणे हवं. काकीच्या पडवीत ते होणार नाही. दुसरा मार्ग लोन लायसन्सचा: परवानाधारक कारखान्यात आपल्या पाककृतीने माल करून घ्यायचा. खर्च वाढतो, पण डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सगळं खरं येतं. प्रदर्शनांत बिनपरवाना 'घरगुती' लिप बाम विकणारे ढीगभर दिसतात. त्यांच्या रांगेत बसायचं नाही, हे काकीनेच ठरवलं, मला बोलावंही लागलं नाही.

मेणाबद्दल एक निर्णय बाकी होता. पुण्यात जैन गिऱ्हाईक मधमाशीचं मेण आहे का ते आवर्जून विचारतात. कँडेलिला हे वनस्पतीचं मेण पर्याय आहे, जास्त कडक, साधारण निम्म्या प्रमाणात पुरतं. पण ते बाहेरून आणावं लागतं आणि महाग पडतं. सध्या मधमाशीचंच, आणि ते यादीत स्पष्ट लिहिलेलं.

२ फेब्रुवारी

लेबल पक्कं केलं. डबी दहा ग्रॅमची, म्हणजे यादी छापायची सक्ती आपल्यावरही नाही. तरी छापायची, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, आणि प्रमाणासह. कारखान्याचा माणूस म्हणाला, 'टक्केवारी कोणी देत नाही मॅडम, पाककृती चोरीला जाईल.' गटाला विचारलं. काकी म्हणाली, 'चोरून नेतले तरी रातांबे खयसून हाडतले?' (कुठून आणतील?)

पुढच्या बाजूला: कोकम तेलाचा लिप बाम. कोकम तेल २८ टक्के. वास, रंग, चव घातलेली नाही.

मागच्या बाजूला: एरंडेल तेल ३०, कोकम तेल २८, खोबरेल तेल २५, मधमाशीचं मेण १६, टोकोफेरॉल १. ओठ किंचित ओलसर असताना लावा. पुरळ किंवा खाज आल्यास वापर थांबवा. उन्हापासून संरक्षण देत नाही. थंड जागी ठेवा, वितळून गोठल्यास दाणे दिसू शकतात.

शेवटचं वाक्य काढा, असं छापखान्यातून सुचवलं गेलं. ठेवलंय. गाळलेल्या मुठेलाचे दोन डबे सोमवारी कारखान्याला जातील, सोबत पेरॉक्साइड मूल्याचा अहवाल जोडायचा आहे.